गाडीतला उंदीर गेला, वास राहिला

गणपतीला चार दिवस राहिले होते. जूनच्या मध्यावर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गाडी पडवीतच उभी होती. वर ताडपत्री आणि शेजारी गाईसाठी रचून ठेवलेला पेंढा. घरामागच्या कारखान्यातून मूर्ती भरलेले शेवटचे टेम्पो मुंबईकडे निघत होते आणि मला पेणच्या बाजारात जायचं होतं. बॅटरी उतरली होती. गॅरेजमधला मुलगा आला, त्याने दुसऱ्या बॅटरीवरून गाडी चालू करून दिली. दार उघडलं तर नाकात झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास. तो लवकर निघून जावा म्हणून मी ब्लोअर चारवर लावला. समोरच्या जाळीतून तूस, राखाडी केस आणि धुळीचा झोत थेट माझ्या तोंडावर आला.

“ताई, आधी तो बंद करा,” मुलगा म्हणाला. “आत उंदीर राहून गेलाय.”

ब्लोअर लावणं ही माझी मोठी चूक होती, आणि बहुतेक लोक पहिल्यांदा हीच चूक करतात. घाण एका जागी असते तोवर ती काढता येते. वाऱ्यावर चढली की ती छताच्या अस्तरात, सीटच्या कापडात आणि आपल्या फुप्फुसात जाऊन बसते.

मुलाने समोरचा कप्पा काढला. बहुतेक गाड्यांत या कप्प्यामागे केबिन फिल्टर असतो, म्हणजे बाहेरून येणारी हवा गाळणारी घडीघडीची कागदी चौकट. माझ्या फिल्टरवर बशीएवढं घरटं होतं. उजेडात धरून ते नीट पाहिलं तर त्यातला एकेक धागा कुठून आला ते सांगता येत होतं. भाताचा पेंढा पडवीतला. तपकिरी, राठ काथ्या मागच्या कारखान्यातला. प्लास्टरच्या मूर्तीला बळकटी यावी म्हणून साच्यात घालतात तोच. निळे धागे ताडपत्रीचे, पिवळट भुगा मागच्या सीटच्या फोमचा आणि मधोमध मऊ गादी होती गाडीच्या सर्व्हिस बुकाच्या पानांची. कडेला पोह्याच्या पापडाचे तुकडे. मागच्या मे महिन्यात मीच पापडाची पाकिटं डिकीत ठेवून पाहुण्यांकडे नेली होती.

फोम आणि कागद उंदीर खात नाही, नुसता कुरतडतो. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या पुढच्या दातांमागे मोकळी जागा असते आणि ओठांच्या घड्या तिथे आत मिटतात. त्यामुळे दात चालू असताना भुगा घशात जात नाही. हे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. मोठ्या उंदराचे दात झिजले नाहीत तर वर्षाला दहा सेंटिमीटरहून जास्त वाढतील. वायरिंग कुरतडलं जातं ते मुख्यतः याच गरजेपोटी. वायरीच्या आवरणात खाण्यासारखं काही असो वा नसो, दाताला झीज हवीच असते.

आपल्या भागात हे होणारच, अशी परिस्थिती आहे. पेण-रोह्याकडे घराघरात भात, पोहे, पापड, वाल आणि दारात पेंढा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. खाडीकाठच्या खारेपाटात शेतं पाण्याखाली गेली की बिळातले उंदीर आधी बांधावर येतात आणि मग घराकडे. दिवाळीच्या सुमारास भात कापून झालं की शेतातलं अन्न आणि आडोसा दोन्ही जातं, तेव्हा दुसरी लाट येते. अशा वेळी दोन-अडीच महिने न हललेली गाडी ही उंदराच्या दृष्टीने कोरडी, अंधारी आणि मांजर शिरू न शकणारी जागा.

गाडीत कोण राहत होतं हे आधी ओळखावं, कारण पुढचं काम त्यावर ठरतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकदार लेंड्या म्हणजे घरातला लहान उंदीर. शेंगदाण्याएवढ्या, दीड सेंटिमीटरच्या आसपास लेंड्या असतील तर मोठा उंदीर किंवा घूस. घूस सहसा केबिनमध्ये शिरत नाही, पण बोनेटखालच्या जाड वायरीसुद्धा तोडते. आणि वास उग्र, कस्तुरीसारखा असेल तर ती चिचुंद्री असू शकते. ती उंदरांच्या कुळातली नाहीच. ती किडे खाणारी आहे, वायरींना दात लावत नाही, घरात झुरळं कमी ठेवते. तिला मारू नये, दार उघडं ठेवून जाऊ द्यावं.

माझ्याकडे लहान उंदीर होते. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं होतात आणि ती सहा-सात आठवड्यांची झाली की त्यांचंही चक्र सुरू होतं. जूनच्या मध्यापासून भाद्रपदापर्यंतचे दिवस मोजले तेव्हा लक्षात आलं की आत शिरली तेव्हाच मादी गाभण असेल तर गाडीत तिची नातवंडंही झाली असू शकतात. एक उंदीर दिवसाला पन्नासच्या वर लेंड्या टाकतो. वासाचं मूळ मात्र लेंड्यांत नसतं, ते मुतात असतं.

हा वास इतका चिवट का, हे मला नीट कळलं तेव्हाच सफाई कशी करायची ते कळलं. मुतातल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात. डोळ्याला झोंबतो तो हा भाग, आणि तो तसा लवकर उडून जातो. मागे राहतं ते वेगळंच. उंदराच्या मुतात खास प्रकारची प्रथिनं असतात. त्यांच्या रेणूला आत एक खोबण असते आणि त्या खोबणीत गंधाचे छोटे रेणू अडकून बसतात. ते सावकाश, दिवसेंदिवस सुटत राहतात. नर उंदीर एका जागी मोकळा होत नाही. चालता चालता बारीक थेंब टाकत जातो, आणि तो प्रत्येक थेंब म्हणजे त्याची सही असते. २०१० साली इंग्लंडच्या लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी यातलं एक प्रथिन शोधलं. ते हुंगलं की मादी त्या विशिष्ट नराकडे ओढली जाते. जेन ऑस्टिनच्या कादंबरीतल्या डार्सी या नायकावरून त्याला त्यांनी ‘डार्सिन’ असं नाव दिलं.

म्हणजे आपल्याला जी दुर्गंधी वाटते ती पुढच्या उंदरासाठी पत्ता आहे. तो पुसला नाही तर घर रिकामं झालेलं दुसऱ्याला कळतं. डॅशबोर्डवर अत्तराची कुपी ठेवून तो पुसला जात नाही. उलट मोगरा आणि मूत मिळून तिसराच वास होतो आणि नाकाला मूळ जागा सापडेनाशी होते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की सफाई होईपर्यंत गाडीत उदबत्ती, स्प्रे, कापूर काहीही लावू नका. तुमचं नाक हेच या कामातलं मुख्य हत्यार आहे.

सफाईला हात घालण्याआधी आरोग्याचं बोलायला हवं. सासूबाईंनी गाडीची हकिगत ऐकून पहिला प्रश्न विचारला, “उंदीर पडलाय का गं आत?” या ‘पडण्याला’ आपल्या भाषेत मोठा इतिहास आहे. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला आणि पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्रात घरात उंदीर मरून पडला की लोक चंबूगबाळं उचलून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जायचे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवा आसरा शोधत माणसांवर येतात, हे त्यामागचं कारण १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने मांडलं. लोकांच्या अनुभवाने काढलेला निष्कर्ष त्याआधीच बरोबर होता. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावाने आणि सुरतेने ती आठवण पुन्हा जागी केली.

आज कोकणात खरी धास्ती आहे ती लेप्टोस्पायरोसिसची. उंदराच्या मुतातले हे जंतू ओल्या जागी टिकतात आणि पायाच्या भेगेतून, हाताच्या ओरखड्यातून, डोळ्यांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत या तापाने अनेकांचे बळी घेतले. वाळल्यावर हे जंतू मरतात, हा आपल्या बाजूचा मुद्दा. पण पावसाळ्यात पडवीतल्या गाडीचं कार्पेट वाळलेलं असेलच असं नाही. उंदराची घाण साफ केल्यावर दोन-तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना गाडीची गोष्ट आवर्जून सांगा. वेळेवर उपचार झाले तर हा आजार साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो.

आता काम. गाडी पडवीतून बाहेर, उघड्यावर. चारी दारं आणि डिकी उघडून किमान वीस मिनिटं स्वतः लांब उभं राहायचं. हातात रबरी हातमोजे, तोंडाला एन-९५ मास्क, पायात बूट. झाडू नाही, घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नाही, कारण दोन्हींनी सुकलेली घाण हवेत उडते. आधी भिजवायचं. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण करून घरट्यावर आणि लेंड्यांवर हळूच फवारायचं, पाच मिनिटं तसंच ठेवायचं, मग जुन्या कागदाने टिपून दोन पिशव्यांत बांधून टाकायचं. ब्लीच फक्त प्लास्टिक, रबर, पत्रा यांच्यावर. कापडी सीटचा रंग ते खाऊन टाकतं.

आणि ही एक गोष्ट प्रत्येकाला माहीत असायलाच हवी. ब्लीच पाण्याखेरीज कशातही मिसळायचं नाही. मुताचं थारोळं असेल तर त्यातला अमोनिया आणि ब्लीच मिळून विषारी वायू होतो. व्हिनेगर किंवा संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर मिसळलं तर क्लोरीन सुटतो. बंद गाडीत वाकून काम करणाऱ्याला यातला कुठलाही वायू पुरेसा घातक आहे. म्हणून जिथे मुताची ओल आहे तिथे आधी साबणाचं पाणी, टिपून घेणं, पुन्हा पाणी, आणि ब्लीच सगळ्यात शेवटी, दारं उघडी ठेवून.

फिल्टर धुऊन वापरू नका, फेकून द्या. नवा काही शे रुपयांत येतो. त्यामागे ब्लोअरचा पंखा असतो, तो काढून साबणाच्या पाण्यात धुता येतो, पण हे काम गॅरेजवाल्याकडून करून घ्यावं. सीट काढायची असेल तर बॅटरीची ऋण तार आधी सोडवून काही मिनिटं थांबायचं. सीटखालच्या पिवळ्या जोडण्या एअरबॅगच्या असतात, त्यांना उगाच हात लावू नये.

माझ्या गाडीत सगळ्यात मोठा साठा निघाला कार्पेटखाली. वरून कार्पेट स्वच्छ दिसत होतं. मुलाने शेजारच्या सीटपुढचा कोपरा उचलला तर खालचा नमदा, म्हणजे आवाज दाबायला लावलेला चिंध्यांचा जाड थर, हाताला चिकट लागला. ब्लोअरच्या डब्यातून ठिबकत सगळं तिथे मुरलं होतं. हाताने दाबला तर पिवळं पाणी आलं. असा नमदा धुऊन उपयोग नाही, तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि नवा घालायचा. छताच्या अस्तरावर डाग असतील तरी हाच नियम. जे स्पंजासारखं पिऊन बसलंय ते टाकायचं, जे वरवर माखलंय ते धुवायचं.

सीटचा फोम टाकवत नाही, तिथे एन्झाइमची औषधं कामाला येतात. पाळीव कुत्र्या-मांजरांच्या मुतासाठी ती दुकानांत मिळतात. त्यातली प्रथिनं पचवणारी विकरं ती गंधाची खोबणच तोडतात. पण त्यांना वेळ आणि ओल लागते. डाग जितका खोल गेला तितकं खोल ओतायचं, वर ओला पंचा टाकून काही तास ठेवायचं आणि मग टिपायचं. जिथे एन्झाइम घालायचं तिथे आधी ब्लीच किंवा उकळतं पाणी नको. ब्लीच विकरांना निकामी करतं, आणि गरम पाण्याने किंवा वाफेने मुतातलं प्रथिन अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं घट्ट होऊन धाग्याला धरून बसतं.

घरगुती उपायांची गल्लत होते ती इथे. खायचा सोडा चांगला आहे, पण तो आंबूस, कुबट वासावर. अमोनिया मुळात अल्कधर्मी, त्याला आम्ल हवं. पाण्यात निम्मं पांढरं व्हिनेगर किंवा थोडं लिंबूफूल विरघळवून पुसलं की तो शमतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस बघत बसण्यात काही अर्थ नाही, दोघे एकमेकांनाच संपवतात. शेवटी उरलेल्या वासाला सक्रिय कोळसा. त्याच्या एका ग्रॅमच्या छिद्रांचा एकूण पृष्ठभाग ५०० चौरस मीटरहून जास्त असतो आणि गंधाचे रेणू त्यावर चिकटतात. चुलीतला कोळसा त्याच्या आसपासही जात नाही.

आणि मग वाळवणं. सगळी कृती ठीक होऊनही माणूस कोकणात इथे हरतो. भाद्रपदातल्या दमट हवेत भिजलेला फोम दोन दिवसांत वाळला नाही तर बुरशी धरते, आणि मग उंदराच्या वासाच्या जागी बुरशीचा वास येतो. आमच्या आळीतल्या पापड करणाऱ्या बायका ऊन पाहून पीठ मळतात, तसंच हे काम ऊन पाहून काढावं. माझ्या गाडीचं घरटं आणि फिल्टर त्याच दिवशी गेले, पण सीट मी ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत धुतल्याच नाहीत. तोवर त्या काढून ओसरीवर पंख्याखाली ठेवल्या होत्या. गणपती आणायला आम्ही रिक्षाने गेलो.

उंदीर पुन्हा येऊ नये म्हणून लोक बोनेटखाली तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, काय काय बांधतात. तंबाखूचा वास इंजिनच्या गरमीने चार दिवसांत उडतो. डांबरगोळ्या गाडीत नकोतच. त्यांची वाफ बंद जागेत लहान मुलांना घातक आहे, काहींच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिने फुटतात. कानाला ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या यंत्रांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्येच साठहून अधिक उत्पादक आणि विक्रेत्यांना ताकीद दिली होती की दाव्याला पुरावा द्या. गाडीत विषाची वडी तर कधीच ठेवू नये. उंदीर डॅशबोर्डच्या पोटात जाऊन मरतो, आणि मेलेल्या उंदराचा वास काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पिंजरा लावावा, गाडीबाहेर, भिंतीला लागून.

वाट बंद करणं हेच खरं औषध. आमच्या शेतावर कामाला येणारे एक कातकरी काका आहेत. बीळ खणून उंदीर काढणं आणि बिळात साठवलेलं भात मिळवणं हे त्यांच्या समाजाचं पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं की आत जायची वाट सापडली म्हणून थांबू नका, बिळाला दुसरं तोंड असतंच. शेतात ते तोंड उंदीर आतून मातीच्या पातळ थराने बंद ठेवतो, संकटात डोक्याने ढकलून पळतो. गाडीतली पहिली वाट सगळ्यांना माहीत असते. टायरवरून बोनेटखाली, तिथून वायपरखालच्या जाळीतून हवेच्या तोंडात. काकांच्या बोलण्यावर आम्ही मागचा बंपर उतरवून पाहिला. आतल्या बाजूला हवा बाहेर सोडणारी रबरी झडप होती, तिचा कोपरा खाल्लेला होता आणि कडेला तेलकट काळा पट्टा, अंग घासून घासून पडलेला. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर जातो. दोन्ही ठिकाणी आम्ही पाच मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड जाळी बसवली. हवा चालू राहते, उंदीर अडतो. शिवाय आता गाडी उभी करताना मी हवेचं बटण ‘आतली हवा’ या खुणेवर ठेवते, म्हणजे आतला पडदा मिटलेला राहतो. दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी गाडी चालवून आणतं. पेंढा गोठ्याच्या पलीकडे हलवला. पडवीच्या वाशावर एक धामण अधूनमधून दिसते, तिला कोणी हटकायचं नाही असं सासूबाईंनी सगळ्यांना बजावलंय.

वास गेला की नाही हे मे महिन्यात कळत नाही. कोरड्या हवेत सुकलेले क्षार आणि प्रथिनं गप्प पडून असतात. हवेतली ओल वाढली की क्षार पाणी ओढतात, जिवाणू पुन्हा कामाला लागतात, अडकलेले गंध सुटतात. ‘मागच्या वर्षी साफ केली होती, पावसाळ्यात परत वास आला’ असं लोक सांगतात ते यामुळे. वास परत आलेला नसतो, तो कुठेतरी राहिलेला असतो.

म्हणून जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी मी गाडीत जाऊन बसले. काचा वर केल्या, ब्लोअर बंद ठेवला. दहा मिनिटं नुसता श्वास घेत राहिले. मग वाकून शेजारच्या सीटपुढच्या कार्पेटला नाक लावलं, मागच्या सीटच्या फटीला लावलं. पायातल्या चपलांना लागलेल्या ओल्या मातीचा वास येत होता. समोरचा कप्पा उघडला, तिथे नव्या फिल्टरचा कोरा कागदी वास. ब्लोअर एकवर लावला आणि जाळीसमोर तळहात धरला. हाताला नुसती गार हवा लागली.